हात धरणारी रसूलबी

रसूलबी जंगलातून कधी गप्प गेली नाही. डोक्यावर बांगड्यांचं टोपलं, कमरेला घट्ट खोचलेलं लुगडं, आणि तोंड सुरू. बरोबर कोणी असलं तर त्याच्याशी बोलायची. कोणी नसलं तर झाडांशी, स्वतःच्या पायांशी, किंवा पुढच्या गावातल्या एखाद्या बाईशी, जी अजून सहा मैल दूर असायची. तिच्याबरोबर पहिल्यांदा चालले तेव्हा मला वाटलं, ही बाई जराशी वेडसर असावी. दुसऱ्या मैलाला न राहवून मी विचारलं, "इतकं मोठ्यानं कशाला बोलता?"

"इथी राहणाऱ्याईले समजाले पाह्यजे ना, आपण येऊन राह्यलो म्हणून. चोरावानी काऊन जाच?"

"इथे कोण राहतं?"

"वाघ राह्यते, अस्वल राह्यते, डुकरं राह्यतात. त्याईचं घर हाय हे. दुसऱ्याच्या घरात शिरताना तू आवाज नाई देत का?"

मी तेव्हा कुरखेड्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. पन्नास सालानंतरची ती मधली वर्षं. गडचिरोली जिल्हा अजून व्हायचा होता, सगळा मुलूख चांद्यात मोडायचा. नागपूरच्या महालात वाढलेली मी, मला झाड म्हणजे अंगणातला कडुनिंब एवढंच माहीत. दवाखान्याला दोन खोल्या आणि पुढे पडवी. डॉक्टर महिन्यातले पंधरा दिवस दौऱ्यावर. आजूबाजूच्या गावांतल्या बायका बाळंतपणाला माझ्याकडे येत नसत, आणि मी त्यांच्याकडे जायला घाबरत असे. असे चार महिने गेले होते.

एका दुपारी ती आली. पडवीत टोपलं उतरवलं, रांगेतल्या माणसांकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि दारातूनच म्हणाली, "नर्सबाई कोण? तू? चाल."

"कुठे?"

तिनं एका गावाचं नाव घेतलं. सात मैल. तिथल्या गुराख्याच्या सुनेला सातवा महिना होता. "मागल्या खेपेले तिले सव्वादोनच्या चुड्या आल्या. काल अडीचच्या बी नाई गेल्या. हात फुगून राह्यले. डोकं ठणकते म्हणते, डोयापुढे काजवे चमकतात म्हणते. हे काई बरं लक्षण नोय."

ते बरं लक्षण नव्हतंच. नागपूरला आम्हाला हेच शिकवलं होतं, मोठ्या तक्त्यावर, लाल अक्षरांत. ती मात्र हे बांगड्यांच्या मापावरून सांगत होती. मी रक्तदाब मोजायचं यंत्र पिशवीत घातलं आणि तिच्यामागे निघाले. त्या सुनेला आम्ही बैलगाडीत घालून दवाखान्यात आणलं. मूल वाचलं नाही. बाई वाचली. महिन्याभरानं रसूलबी पुन्हा आली तेव्हा पडवीत न थांबता, वाटेवरूनच मला ओरडून सांगून गेली, "हात उतरले तिचे. सव्वादोन आल्या."

त्या दिवसापासून आमची जोडी जमली. ती रस्ता दाखवायची आणि मी जायचे. तीस गावांतल्या बायकांची मनगटं तिच्या डोक्यात होती. कोणाचं मनगट सुकलं म्हणजे घरात खायला नाही. कोणाच्या कोपरावर हिरवा डाग दिसला म्हणजे नवऱ्यानं हात टाकला. कोणाचा तळवा गरम लागला म्हणजे ताप आहे आणि सासूनं सांगितलेला नाही. बांगडी भरताना बाईचा हात पाच-सात मिनिटं तिच्या मुठीत असायचा, बोटं एकत्र दाबून, अंगठ्याचं मूळ आत दुमडून. तेवढ्या वेळात त्या बाईला जे घरात कोणाजवळ बोलता येत नसे ते ती बोलून टाकायची. एका गावातल्या आईचा निरोप दुसऱ्या गावात दिलेल्या पोरीला रसूलबीच सांगायची, आईच्याच आवाजात, आईच्याच शिव्यांसकट.

ती नागभीडची. नागभीडहून छोट्या रेल्वेनं वडशाला उतरायची, तिथून कुरखेड्यापर्यंत मिळेल ती बैलगाडी, आणि कुरखेड्यापुढे सगळं पायी. पन्नाशीला आलेली, उंच, हाडापेरानं मोठी. दोन्ही मनगटांवर कोपरापर्यंत यावीत इतकी काकणं, हिरवी आणि काळी. 'मी जातो, मी करतो' असं बोलायची. तिकडे बायकाही असंच बोलतात, पण तिच्या तोंडी ते फार शोभायचं.

ती विधवा आहे हे मला पुष्कळ उशिरा कळलं. मी तिच्या हातांकडे पाहिलं असणार, कारण तिनं न विचारताच उत्तर दिलं.

"नवरा मेला माहा. हात नाई मेले."

बांगड्यांचा धंदा मुळात नवऱ्याचा, इस्माईलभाईंचा. एका पावसाळ्यात कोरचीच्या पलीकडच्या गावात ते तापानं गेले. निरोप नागभीडला पोचायला बारा दिवस लागले. दीर म्हणाला, माती होऊन गेली, आता तिथे जाऊन काय करणार. ती उठली आणि निघाली. तोवर ती कधी वडशाच्या पुढे गेली नव्हती.

कुरखेडा सोडल्यावर तिसऱ्या दिवशी तिची वाट चुकली. दोन दिवस ती त्या ओल्या रानात फिरत होती. ते ती मला एकदा चालता चालता सांगत होती, जसं काही दुसऱ्या कोणाबद्दल.

"डोयाले सगयी झाडं सारखीच दिसतात, बाई. जितकी चालो तितकी अजून आत जाओ. मंग मी खालीच बसली अन् कान देल्ला. खूप वेळ काई नाई. पानातलं पाणी टपकते तेवढंच. मंग कुठून तरी मुसळाचा आवाज आला. बाया धान कांडून राह्यल्या होत्या. त्या आवाजाच्या मागं मागं गेली. आवाज थांबला की मी थांबो, सुरू झाला की चालो."

"आणि थांबलाच असता तर?"

"मंग कोंबडा आरवला असता. कुत्रं भुकलं असतं. माणसं हायेत तिथी आवाज असतेच. तू कान देत नाई म्हणून तुले भेव वाटते."

काट्यांनी फाटलेली, चिखलानं माखलेली ती बाई पाहून त्या गोंड बायकांनी मुसळं टाकली आणि आधी तिला पेज पाजली. कोण, कुठली, हे नंतर विचारलं. मग त्याच तिला नवऱ्याच्या गावी घेऊन गेल्या. तिथल्या लोकांनी इस्माईलभाईंना पुरलं होतं. मुसलमानांची रीत त्यांना ठाऊक नव्हती, तरी जनावरांनी उकरू नये म्हणून त्यांनी वर मोठमोठे दगड रचले होते. आणि टोपलं एका घराच्या आढ्याला टांगून ठेवलेलं, त्यातली एक बांगडी इकडची तिकडे नाही. ते पाहिल्यावर तिला पहिल्यांदा रडू आलं म्हणे. तिनं तिथेच बसून त्या सगळ्या बांगड्या गावच्या बायकांच्या हातांत भरल्या आणि रिकामं टोपलं घेऊन परत आली. पुढच्या महिन्यात भरलेलं टोपलं घेऊन पुन्हा गेली.

दिरानं आकाशपाताळ एक केलं. विधवा बाई, एकटी, जंगलात. त्यावर ती जे म्हणाली ते तिनं मला फार अभिमानानं सांगितलं होतं. "म्या म्हटलं, जंगलात मी एकटी नोती. एकटी त तुमच्या घरात होती."

तिला भीती वाटत नसे असं मात्र नाही. मोहफुलांच्या दिवसांत एका सकाळी आम्ही वळणावर आलो आणि पंधरा पावलांवर अस्वल. झाडाखाली फुलं खात होतं, पाठ आमच्याकडे. रसूलबीनं टोपलं हळूच खाली ठेवलं, पण बोलणं थांबवलं नाही. आवाज तोच, फक्त शब्द बदलले. "खा बाप्पा, खा. तुह्यी फुलं कोणी नेत नाई. पण ही वाट आमची बी हाय. आमाले बी जाच हाय." अस्वल वळलं, मागच्या पायांवर उभं राहिलं. मी तिच्या लुगड्याचा काठ दोन्ही मुठींत धरलेला. ती बोलतच राहिली, कुठे कुठे जायचं आहे, कोणाचं लग्न आहे, कोणाला किती माप लागतं. अस्वलानं बराच वेळ ऐकून घेतलं, खाली बसलं आणि झुडपात निघून गेलं. ते गेल्यावर ती तिथेच मातीत बसली. मी पाणी दिलं. प्याली आणि म्हणाली, "आता घडीभर मले काई विचारू नोको."

सगुणाची गोष्ट आता सांगते. त्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या लोकांची नातवंडं आज नांदत असतील आणि त्यांचा यात काही दोष नाही.

सगुणा त्या गावच्या एका बऱ्या शेतकऱ्याची बायको. पंचविशीत तिच्या दंडावर आणि पाठीवर चट्टे उठले. महारोग. नवऱ्यानं गावाबाहेर, नाल्याच्या पलीकडे तिला एक झोपडी बांधून दिली. चार वर्षांची मुलगी सासूजवळ राहिली. रोज कोणीतरी नाल्याच्या अलीकडच्या दगडावर भात ठेवून जायचं, आणि ते माणूस दिसेनासं झालं की ती येऊन घेऊन जायची. नवऱ्यानं दुसऱ्या वर्षी दुसरी बायको केली.

महारोगाचे एक डॉक्टर सहा महिन्यांतून एकदा दौऱ्यावर येत. त्यांनी तिला नव्या गोळ्या सुरू केल्या. त्या पोचवणं माझं काम. मी महिन्यातून एकदा जायचे, आणि कशी द्यायचे तेही सांगितलं पाहिजे. ती हात पसरायची आणि मी वरून, वीतभर अंतरावरून, गोळ्या तिच्या तळहातावर सोडायचे. शिकलेली मी. स्पर्शानं असा सहजी होत नाही हे पुस्तकात वाचलेली. तरी सोडायचे वरूनच. एखादी गोळी मातीत पडली तर ती वाकून उचलायची, आणि मी दुसरीकडे पाहायचे.

तिसऱ्या वर्षी डॉक्टरांनी तिला तपासलं आणि कागद लिहून दिला. हिच्यापासून आता कोणाला रोग लागायचा नाही, ही घरी राहू शकते. तो कागद घेऊन मी गावच्या पाटलांकडे गेले. त्यांनी तो नीट वाचला, घडी घातली, बंडीच्या खिशात ठेवला. "ठीक हाय, बाई," म्हणाले. मला चहा दिला. पुढे दोन महिने काही झालं नाही. मी पुन्हा गेले, पुन्हा चहा प्याले. सगुणा नाल्यापलीकडेच.

हे सगळं मी रसूलबीला वाटेत सांगितलं. उन्हाळा होता, लग्नसराईचे दिवस. त्याच गावात पाटलाच्या मुलीचं लग्न चार दिवसांवर आलेलं आणि रसूलबीचं टोपलं हिरव्या बांगड्यांनी भरलेलं, मधेमधे धानाचं तणीस घालून. ती ऐकत होती. बोलत नव्हती, म्हणून माझं तिच्याकडे लक्ष गेलं.

"तू चहा पेली," एवढंच ती म्हणाली.

झोपडी आली तशी ती गावाची वाट सोडून तिकडे वळली. सगुणा दारात तांदूळ निवडत होती. आम्हाला पाहून उठली आणि सवयीनं चार पावलं मागे सरली. रसूलबीनं टोपलं उतरवलं, मांडी घातली.

"सगुणे, ये. बस. हात आन."

सगुणानं दोन्ही हात पदराखाली घेतले. "नोको, रसूलबी."

"काऊन नोको? मी इथी उन्हात बसून राह्यली, तुले दिसत नाई का?"

"कोणी हात लावत नाई."

"मी कोणी नोय. आन."

ती आली, बसली. तिनं हात पुढे केला तो वीतभरच. रसूलबीनं बाकीचं अंतर स्वतः तोडलं आणि तो हात धरला, जसा ती सगळ्यांचा धरायची, घट्ट, बोटं एकत्र आवळून. तपासणारे डॉक्टर सोडले तर तीन वर्षांत त्या हाताला कोणी शिवलं नव्हतं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट थोडं ताठलेलं होतं. पहिली बांगडी फुटली. दुसरीही फुटली. तिसरी अंगठ्याच्या मुळाशी अडली तेव्हा सगुणा कळवळली.

"दुखते."

"दुखते ना? मंग हात जित्ता हाय," रसूलबी म्हणाली आणि बांगडी आत सरकवली.

एका हातात सहा, दुसऱ्या हातात सहा. सगुणा रडली नाही. ती हात पुढे धरून नुसती बसून राहिली, जणू ते कोणाचे तरी ठेवायला दिलेले हात होते. निघताना मी पिशवीतून गोळ्या काढल्या. या खेपेला मी तिचा तळहात डाव्या हातात घेतला आणि उजव्या हातानं गोळ्या त्यावर ठेवल्या. हात खडबडीत होता, ऊबदार होता. यात मी काही मोठं केलं असं नाही. तीन वर्षं उशीरच केला होता.

पाटलांच्या अंगणात बायका जमल्याच होत्या. नवरी मुलगी पुढे बसलेली, अंगाला हळद. रसूलबीनं टोपलं उतरवलं, पण फडकं काढलं नाही.

"आधी ऐका. आजच्या पह्यल्या चुड्या म्या सगुणाच्या हातात भरल्या. ह्याच हातानं. डाक्टरनं कागद देला हाय, ती बरी झाली म्हणून. तो कागद पाटलाच्या खिशात हाय. आता कोणाले भराच्या असन त्यानं यावं."

मग मागच्या दोघी उठून गेल्या. मग आणखी चार. नवरीच्या आईनं मुलीला दंडाला धरून आत नेलं. पाटील ओसरीवरून खाली आले. रागावले नव्हते, समजावणीच्या सुरात बोलले.

"रसूलबी, तू आमच्या घरची हायेस. हे कागदाचं काम नोय. गावाचं काम हाय. लगन होऊ दे, मंग पाहू."

"पाटील, लगन तुमच्या पोरीचं हाय. सगुणाची बी पोरगी हाय. तिनं तीन वर्षं मायचं तोंड नाल्याच्या ह्या बाजूनं पाह्यलं. ते कधी पाहू?"

"तुह्या चुड्या नाई भेटल्या त लगन थांबते का? कुरखेड्याहून आणवतो."

"आणवा," ती म्हणाली. टोपलं उचललं आणि गावाबाहेर, नाल्याच्या काठी एक आंब्याचं झाड होतं, त्याखाली जाऊन बसली. "मी इथी हाय. ज्याले याचं त्यानं यावं."

मला वाटलं तासाभरात उठेल. ती तीन दिवस बसली. जेवण सगुणा आणायची, नाला ओलांडून, आणि दोघी झाडाखाली जेवायच्या, गावातून दिसेल अशा. नमाजाच्या वेळी ती नाल्याच्या पाण्यानं हातपाय धुवायची, सूर्य पाहून तोंड वळवायची, आणि उठली की पुन्हा गावाकडे तोंड करून बसायची. गावातली माणसं वाट वाकडी करून जात. काही पोरांनी लांबून ओरडून काही म्हटलं. तिनं त्यांच्या आयांच्या नावांनी त्यांना जवळ बोलावलं, तशी ती पळाली. मी मधे एकदा कुरखेड्याला जाऊन आले. आले तेव्हाही ती तिथेच होती, आणि आवाज बसला होता, पण बोलत होती.

पाटलांनी खरंच कुरखेड्याहून बांगड्या आणवल्या. त्यात एकच अडचण निघाली. बांगडी आणता येते, पण भरायला हात लागतो. लग्नाची बांगडी मनगटाला बेताची बसली पाहिजे, आणि ती काच न फुटता अंगठ्यावरून उतरवणं हे घरच्या बायकांचं काम नव्हे. नवरीच्या काकूनं प्रयत्न केला, आत्यानं केला. सात बांगड्या फुटल्या. नवरीच्या हातातून रक्त आलं. लग्नाआधी नवरीची बांगडी फुटणं म्हणजे काय, ते सांगायला नको. घरात रडारड झाली.

ती दुपार मला स्वच्छ आठवते. हळद लागलेल्या मुलीनं वेशीबाहेर पाऊल टाकायचं नसतं. ती पोरगी, सोळा वर्षांची असेल, नाव गोदा, एकटी चालत आली. मनगटाला चिंधी बांधलेली. तिच्यामागे थोड्या अंतरावर आई, आणि आईमागे दहा-बारा बायका, कोणी तिला थांबवायला, कोणी पाहायला. गोदा आंब्याखाली येऊन बसली आणि हात पुढे केला.

रसूलबीनं हात धरला नाही.

"तुह्यी कोण लागते सगुणा?"

"काकू. चुलतकाकू."

"मंग तिले हाक मार. लगनात काकू नाई पाह्यजे का तुले?"

गोदानं मान वर केली. नाल्यापलीकडे सगुणा झोपडीच्या दारात उभी होती. मागे आई काहीतरी बोलली, ते मला ऐकू आलं नाही. गोदाला आलं असावं, कारण ती एकदा मागे वळली. मग तिनं तोंड पुढे केलं आणि मोठ्यानं हाक दिली.

"काकू, या ना. मले चुड्या भराच्या हायेत. तुमी या."

सगुणा लगेच निघाली नाही. तिनं पदर सारखा केला, हातांकडे पाहिलं. मग नाल्यात उतरली. पाणी घोट्याएवढंच होतं, तरी तिला वेळ लागला. या काठावर आल्यावर ती बायकांपासून पाच हात दूर बसायला लागली तेव्हा रसूलबी म्हणाली, "तिथी नाई. इथी. हिचा दुसरा हात तू धर, लई थरथरून राह्यला." सगुणानं गोदाचा डावा हात धरला. उजव्यात रसूलबीनं बांगड्या भरल्या. एकही फुटली नाही. नवरीचे हात झाल्यावर तिची आई पुढे येऊन बसली आणि तिनं हात पुढे केला. मग आणखी तिघी. बाकीच्या निघून गेल्या.

सगुणा त्या लग्नात मांडवाच्या कडेला बसली. पुढचं सगळं गोड झालं असं म्हणता येणार नाही. नवऱ्याच्या घरी दुसरी बायको होती. सासूनं तिला मागच्या गोठ्याशेजारची खोली दिली. मुलगी आधी तिच्याकडे यायलाच तयार नव्हती. तिला आई म्हणजे नाल्यापलीकडचं कोणीतरी एवढंच माहीत. रसूलबी प्रत्येक खेपेला त्या घरासमोर थांबायची आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायची, "सगुणे, पाणी दे." सगुणा तांब्या आणायची, ही उभ्या उभ्या तो रिकामा करायची आणि मग पुढे जायची. तहान असो वा नसो. वर्षभरानं एकदा मी तिथे गेले तर ती मुलगी सगुणाच्या मांडीवर डोकं ठेवून उवा काढून घेत होती. मी आत न जाता परत फिरले.

रसूलबीला याची किंमत पडली. तीन गावांनी तिच्याकडून बांगड्या भरून घेणं बंद केलं. महारोग्याला शिवते म्हणाले. मी हळहळले, तर तिनं मला उडवून लावलं. "गेली त जाऊ दे. जंगलात गावं कमी हायेत का?"

पण एकदा, आम्ही दोघीच चालत असताना, मी तिला विचारलं, "खरं सांगा, त्या दिवशी तुम्हाला रोगाची भीती नाही वाटली?"

"वाटली ना," ती म्हणाली. "घरी जाऊन तीन दिवस राखेनं हात धुतले. सकायी उठली की आधी हात पाहो, चट्टा त नाई आला म्हणून."

"मग?"

"मंग काय? मले भेव वाटते म्हणून तिचा हात सोडू का?"

अठ्ठावन्नच्या सुमारास माझी बदली झाली, आणि योगायोगानं नागभीडलाच. रसूलबी तोवर थकली होती. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, गुडघे सुजलेले. तिचा मुलगा, करीम, चांगला पोरगा, त्यानं बाजारात बांगड्यांचं दुकान टाकलं आणि आईला गादीवर बसवलं. मी दोनदा तिला तिथे भेटले. पंख्याखाली बसायची, गिऱ्हाईक यायचं, बांगड्या भरून जायचं. दुसऱ्या खेपेला ती मला म्हणाली, "लोकं येतात, हात देतात, जातात. कोणाच्या घरी काय चाललं, काई पता नाई लागत." तिची नजर रस्त्यावर होती.

महिनाभरानं मी एका रोग्याला वडशावरून गोंदियाला जाणाऱ्या गाडीत बसवायला स्टेशनवर गेले होते. त्याच गाडीच्या दुसऱ्या डब्याशी करीम उभा दिसला, घामानं निथळत. "बाई, तुम्ही तरी समजवा," तो मला म्हणाला. मी खिडकीशी गेले. रसूलबी आत बाकावर बसली होती. टोपलं ठेवायला जागा नव्हती म्हणून तिनं ते शेजारच्या अनोळखी माणसाच्या मांडीवर ठेवलं होतं, आणि तो बिचारा दोन्ही हातांनी धरून बसला होता.

"एकटीनं कशाला जाता?" मी म्हटलं. "डोळा दिसत नाही तुमचा."

"दुसरा दिसते ना."

गाडीनं शिटी दिली. करीमनं एक काठी आणली होती, ती त्यानं खिडकीतून आत दिली. ती काठीकडे पाहत राहिली, मला वाटलं बाहेर फेकून देईल. तिनं ती घेतली आणि पायाशी आडवी ठेवली. गाडी हलली. करीम दोन पावलं बरोबर चालला. रसूलबीनं आमच्याकडे पाहिलं नाही. तिनं टोपल्यावरचं फडकं सारखं केलं, त्या माणसाकडे वळली, आणि चाकांच्या आवाजावर ऐकू जावं म्हणून मोठ्यानं विचारलं, "तुह्यं गाव कोन्तं, भाऊ?"